‘अप’चं भाषांतर ‘वर’ कधी करायचं आणि कधी नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजीतून मराठीत भाषांतराचं काम नुकतंच हाती घेतलंय आणि ‘अप’ या एवढ्याशा शब्दाने जेरीस आणलंय. ‘हँग अप’ म्हणजे फोन ठेवणे, ‘थ्रो अप’ म्हणजे ओकणे, ‘टाइम इज अप’ म्हणजे वेळ संपली. यात ‘वर’ कुठे आहे? ‘द हाऊस बर्न्ड अप’ आणि ‘द हाऊस बर्न्ड डाउन’, दोन्हींचा अर्थ घर जळालं असाच कसा? ही सगळी जोडपी पाठ करायची, की काही युक्ती आहे? आणि उलट, मराठीतून इंग्रजीत लिहिताना काय चुकतं?

युक्ती आहे, पण ती निम्म्या वाटेपर्यंतच नेते. बरीच जोडपी विचार केल्यावर उलगडतात, काही मुकाट्याने पाठ करावी लागतात. समोर आलेलं जोडपं कुठल्या खात्यातलं आहे, हे पटकन ओळखता आलं की त्रास पुष्कळ कमी होतो.

नवीन लोकांची भाषांतरं तपासताना एक गोष्ट सारखी दिसते. ‘अप’ला स्वतःचा अर्थ आहे असं धरून त्याला एक मराठी शब्द शोधला जातो. पण बहुतेक वेळा ‘अप’ शेजारच्या क्रियापदाचं काम तडीस नेत असतो, आणि हेच काम मराठीत दुसरं क्रियापद करतं. ‘ईट’ म्हणजे खा आणि ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘खाऊन टाक’ म्हणताना आपण काही फेकत नसतो, तसंच ‘ईट अप’ म्हणताना इंग्रज काही वर नेत नसतो. हे एकदा डोक्यात बसलं की कोशातलं पानभर ‘अप’ जरा माणसात येतं.

आता तपासायचं कसं ते सांगतो.

पहिली चाचणी सर्वनामाची. ‘ही रॅन अप द हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’ ही दोन वाक्यं दिसायला जुळी आहेत. पण नामाच्या जागी ‘इट’ घालून बघा. टेकडीचं होतं ‘ही रॅन अप इट’, तर बिलाचं होतं ‘ही रॅन इट अप’. ‘इट’ शेवटी राहिलं तर तो ‘अप’ साधं शब्दयोगी अव्यय आहे, तिथे ‘वर’ किंवा ‘-वरून’ चालतं: तो टेकडीवर धावत गेला. ‘इट’ मध्ये घुसलं तर ‘अप’ क्रियापदाला चिकटलेला आहे, आणि त्याचा अर्थ क्रियापदासकट लावायचा: त्याने उधारी वाढवून ठेवली. म्हणूनच ‘लुक अप द वर्ड’ चालतं, ‘लुक द वर्ड अप’ चालतं, ‘लुक इट अप’ चालतं, पण शब्द शोधायचा असेल तर ‘लुक अप इट’ चालत नाही. बोलताना कानालाही हे कळतं. चिकटलेल्या ‘अप’वर जोर येतो.

दुसरी चाचणी गाळण्याची. ‘अप’ काढून टाका आणि काय उरतं ते बघा. ‘हरी अप’मधून काढला तर ‘हरी’ उरतं, अर्थ तोच. ‘वेक अप’, ‘मीट अप’, ‘लिफ्ट अप’ यांचंही तेच, तिथे ‘अप’साठी मराठीत काहीच लिहायची गरज नाही. ‘ड्रिंक अप’मधून काढला तर पिणं उरतं पण संपवणं जातं. म्हणजे तिथे ‘अप’चं काम आहे आणि ते मराठीत दिसलं पाहिजे. ‘गिव्ह अप’मधून काढला तर ‘देणे’ उरतं, ज्याचा ‘हार मानणे’शी काही संबंध नाही. हे झालं पाठ करायचं खातं.

तिसरी गोष्ट, पुढे शेपूट आहे का ते बघा. ‘अप’नंतर ‘विथ’, ‘टु’, ‘फॉर’ आला की अर्थ पुन्हा पालटतो. ‘मेक अप’ म्हणजे समेट करणे किंवा मनाने रचणे, पण ‘मेक अप फॉर’ म्हणजे भरपाई करणे. ‘लुक अप’ म्हणजे कोशात बघणे, ‘लुक अप टु’ म्हणजे एखाद्याला मानणे. ‘पुट अप’ आणि ‘पुट अप विथ’ यांत तर मैलांचं अंतर आहे, दुसऱ्याचा अर्थ निमूटपणे सहन करणे. घाईत शेपूट सुटतं आणि वाक्य उलटंपालटं होतं.

आता ‘वर’पासून ‘पूर्ण’पर्यंत इंग्रजी शब्द पोचला कसा, हे जरा निवांत बघू, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिथे आहे.

दुवा आहे ‘फिल अप’. भांड्यात पाणी ओतलं की पातळी वर जाते. काठाला पोचली की भांडं भरलं, आणखी वर जायला जागाच नाही. म्हणजे ‘वर जाणे’ आणि ‘पुरं होणे’ ही इथे एकच घटना आहे. तिथून ‘अप’ला ‘शेवटापर्यंत, काही शिल्लक न ठेवता’ हा अर्थ चिकटला आणि मग जिथे पाणी नाही, भांडं नाही, तिथेही तो लागू लागला: यूज अप, ड्राय अप, टेअर अप, फिनिश अप.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे पापाचा घडा भरतो, शिशुपालाचे शंभर अपराध भरतात, दिवस भरतात. आणि घटका भरते. ही ‘घटका भरणे’ तर शब्दशः पाण्याची गोष्ट आहे. घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की भोकातून पाणी आत शिरतं, हळूहळू वर चढतं, आणि वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं झाली. लग्नाच्या मुहूर्तासाठी हेच वापरत. तेव्हा ‘युअर टाइम इज अप’ हे वाक्य नाटकात खलनायकाच्या तोंडी असेल तर ‘तुझी घटका भरली’ याहून नेमकं भाषांतर सापडायचं नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र ‘वेळ संपली’ एवढंच. कोण कुणाला म्हणतंय यावर ते अवलंबून आहे.

‘फेड अप’सुद्धा याच भांड्यातलं. आकंठ भरवलेला माणूस, आता घास घेववत नाही असा. आपण ‘वीट आला’ म्हणतो, ‘अगदी नाकापर्यंत आलंय’ म्हणतो. पातळी इथेही वर चढलेलीच आहे.

आता मराठीत हा ‘पूर्ण’वाला ‘अप’ उतरवायचा कसा? इंग्रजीला सगळीकडे एकच ‘अप’ पुरतो. मराठी मात्र विचारते, काम पुरं झाल्यावर त्या वस्तूचं काय झालं? ती नाहीशी झाली किंवा तिच्यापासून सुटका झाली, तर ‘टाकणे’: दूध पिऊन टाक, पत्र फाडून टाकलं. आपोआप झालं, कुणी केलं नाही, तर ‘जाणे’: विहीर आटून गेली. वस्तू पुढच्यासाठी राखली, तर ‘ठेवणे’: ‘सेव्ह अप’ म्हणजे पैसे साठवून ठेवणे, ‘लॉक अप’ म्हणजे कुलपात ठेवणे. पुढच्या कामाची तयारी म्हणून केलं, तर ‘घेणे’: ‘चॉप अप द अनियन्स’ म्हणजे कांदे चिरून घे. इथे ‘चिरून टाक’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला कांद्यावर राग असल्यासारखं वाटेल. आणि पुष्कळदा मराठी क्रियापदातच पूर्णता असते, तिथे जोडाक्रियापद, म्हणजे हे ‘टाकणे’, ‘ठेवणे’सारखं जोडीला येणारं क्रियापद, लावूच नका. ‘क्लीन अप द किचन’ला नुसतं ‘ओटा आवर’ पुरतं.

या जागी दोन खड्डे आहेत आणि नवे लोक दोन्हींत पडतात.

एक नकाराचा. ‘शी एट अप हर राइस’ म्हणजे ‘तिने भात खाऊन टाकला’. बरोबर. मग ‘शी डिडंट ईट अप हर राइस’चं काय? ‘तिने भात खाऊन टाकला नाही’ असं कुणी मराठी माणूस म्हणत नाही. नकारात आपलं जोडाक्रियापद लंगडतं. तिथे ‘तिने भात संपवला नाही’ म्हणायचं, किंवा खरं घरातलं मराठी हवं असेल तर ‘तिने पानात भात टाकला’. गंमत बघा, ‘खाऊन टाकला’ म्हणजे पान स्वच्छ आणि नुसतं ‘टाकला’ म्हणजे पानात तसाच. वेळेच्या बाबतीतही ‘खाऊन टाकला’ आणि ‘ईट अप’ सारखेच वागतात. ‘दहा मिनिटं आंबा खात होता’ चालतं, ‘दहा मिनिटांत आंबा खाऊन टाकला’ चालतं, पण ‘दहा मिनिटं आंबा खाऊन टाकला’ चालत नाही. इंग्रजीतही ‘एट अप द मँगो’पुढे ‘इन टेन मिनिट्स’ बसतं, ‘फॉर टेन मिनिट्स’ बसत नाही. कामाला शेवट आहे की नाही, हे दोन्ही भाषा आपापल्या साधनाने सांगतात.

दुसरा खड्डा सुराचा. ‘टाकणे’ला घाईची, बेफिकिरीची छटा असते. ‘द फंड्स वेअर यूज्ड अप’ हे अहवालातलं वाक्य ‘निधी वापरून टाकला’ असं लिहिलंत तर कुणावर तरी ठपका ठेवल्यासारखं होतं. ‘निधी संपला’ किंवा ‘निधी पूर्णपणे खर्च झाला’ लिहा. अहवालात आणि करारात क्रियाविशेषण, गोष्टीत आणि संवादात जोडाक्रियापद, असा ढोबळ हिशेब ठेवला तर सहसा चुकत नाही.

आता बर्न अप आणि बर्न डाउन. दोन्हीकडे घर गेलंच, पण पाहणारा वेगळ्या गोष्टीकडे पाहतोय. ‘डाउन’वाल्याला उभी इमारत कोसळून जमिनीला टेकलेली दिसते. ‘अप’वाल्याला जळण्यासारखं काही उरलं नाही हे दिसतं. म्हणून घराला दोन्ही लागतात, पण वातावरणात शिरून जळून गेलेल्या उल्केला ‘बर्न अप’च, कारण तिला कोसळायला पायाच नाही. मेणबत्ती हळूहळू खाली येते, तिला ‘बर्न डाउन’. आग जळण संपून आपोआप विझली तर ‘बर्न आउट’. मराठीत घरासाठी दोन्हीकडे ‘जळून खाक झालं’ चालेल. इमारत पडली हे महत्त्वाचं असेल तर ‘आगीत जमीनदोस्त झालं’. झाडाचंही तसंच: आधी ‘कट डाउन’, म्हणजे तोडून पाडलं, मग ‘कट अप’, म्हणजे त्याचे ओंडके केले. ‘अप’ इथे चढत नाही, तुकडे पुरे करतो.

‘जवळ’ हा ‘अप’चा आणखी एक मोठा अर्थ. कोशात तो कोपऱ्यात असतो आणि वाचणाऱ्याचं लक्ष जात नाही. ‘शी वॉक्ड अप टु मी’ यात चढ नाही की जिना नाही, ती माझ्यापाशी आली. ‘कॅच अप’ म्हणजे मागून येऊन गाठणे, ‘कीप अप’ म्हणजे बरोबरीने राहणे. लक्षात ठेवायला आपल्याकडे एक छान आधार आहे. इंग्रजी ‘अप’ आणि संस्कृत ‘उप’ हे मुळात एकाच घराण्यातले शब्द मानले जातात. संस्कृतात ‘उप’चा एक ठळक अर्थ जवळ असाच आहे: उपस्थित म्हणजे जवळ उभा, उपासना म्हणजे जवळ बसणं, उपनयन म्हणजे बटूला गुरूजवळ नेणं. आणि आपलं ‘वर’ आलंय ‘उपरि’वरून, ज्याचा इंग्रजी नातलग ‘ओव्हर’. म्हणजे ‘अप’ला ‘वर’ म्हणताना आपण खरं तर त्याच्या भावकीतल्या दुसऱ्याच माणसाला हाक मारत असतो. यावरून भाषांतराचा नियम मात्र काढू नका. ‘रनर-अप’ला मराठीत ‘उपविजेता’ म्हणतात हा निव्वळ योगायोग आहे.

क्रिकेटचं भाषांतर करणाऱ्याला हा ‘जवळ’ रोज लागतो. गोलंदाजाचा ‘रन-अप’ म्हणजे क्रीझपाशी धावत येणं. कर्णधार ‘पिच इट अप’ म्हणाला तर चेंडू उंच टाकायचा नाही, फलंदाजाच्या जवळ टप्पा द्यायचा: ‘पुढे टाक’. ‘चेंडू वर टाक’ लिहिलं तर अर्थाचा पार विचका होतो. आणि ‘टू-नील अप’ म्हणजे मालिकेत 2-0 ने पुढे. ‘वर’च्या जागी मराठीत ‘पुढे’ बसतं, हे खेळाच्या पानावर वारंवार दिसेल.

पण हाच ‘पुढे’ ऑफिसच्या पत्रव्यवहारात घात करतो. अमेरिकन माणूस ‘लेट्स मूव्ह द मीटिंग अप’ म्हणतो तेव्हा त्याला मीटिंग लवकर हवी असते. ‘मीटिंग पुढे घेऊ’ असं भाषांतर केलंत तर मराठी वाचणारा ती लांबणीवर पडली असं समजेल आणि नेमका चुकीच्या दिवशी पोचेल. ‘अलीकडे आणू’ लिहा, आणि शक्य असेल तर दिवस आणि वेळ सरळ घाला: ‘शुक्रवारऐवजी बुधवारी’. भारतीय इंग्रजीत यासाठी ‘प्रीपोन’ आहे. तो आपल्याकडे सगळ्यांना कळतो, पण परदेशी माणसाला कळेलच असं नाही.

‘अप टु’लाही सांभाळा. ‘अप टु फिफ्टी पर्सेंट ऑफ’ म्हणजे जास्तीत जास्त 50 टक्के सवलत. दुकानाच्या पाटीवर ‘50 टक्क्यांपर्यंत’ चालतं, पण कराराच्या भाषांतरात ‘कमाल’ किंवा ‘जास्तीत जास्त’ लिहिलेलं बरं. तारखेच्या बाबतीत ‘अप टु 31 मार्च’मध्ये तो दिवस धरायचा की नाही यावरून भांडणं होऊ शकतात, म्हणून इंग्रजी करारांत ‘अप टु अँड इन्क्लुडिंग’ असं लिहितात. मूळ मजकुरात ते असेल तर मराठीत ‘तो दिवस धरून’ हे शब्द गाळू नका. मूळातच संदिग्ध असेल तर तुम्ही निकाल लावू नका, ज्याचा मजकूर आहे त्याला विचारा. बाकी ‘अप टु’ बोलीत फार कामाचा: ‘इट्स अप टु यू’ म्हणजे तुमच्यावर आहे, ‘ही इज अप टु समथिंग’ म्हणजे त्याचं काहीतरी शिजतंय, ‘नॉट अप टु इट’ म्हणजे त्याला झेपणार नाही. आणि ‘अपटुडेट’ जपून. मराठीत अपटुडेट माणूस म्हणजे इस्त्रीचे कपडे, चकचकीत बूट. इंग्रजीत मात्र तो अद्ययावत माहिती असलेला.

दिशेच्या ‘अप’मध्येही नेहमी चढ असतो असं नाही. इंग्लंडात रेल्वेची लंडनकडे जाणारी दिशा ‘अप’, मग गाडी डोंगरावरून उतरत का येईना. ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकायला जाणं म्हणजे ‘गोइंग अप’ आणि तिथून हाकलून देणं म्हणजे ‘सेंड डाउन’. रेल्वेची ही पद्धत आपल्याकडेही आली. मध्य रेल्वेवर सीएसएमटीकडे येणारी गाडी अप आणि तिथून निघालेली डाउन. म्हणून पुण्याहून मुंबईला येताना लोणावळा ते कर्जत घाट उतरणारी गाडी अप असते, आणि कर्जतला मागे जादा इंजिनं जोडून धापा टाकत घाट चढणारी डाउन. मराठीत ‘रोज नाशिक-मुंबई अप-डाउन करतो’ म्हणतो तेव्हा त्यात चढ-उताराचा पत्ताच नसतो, फक्त जाणं-येणं. आपलंही असंच नाही का: माणूस कोकणात ‘उतरतो’ आणि ‘घाटावर’ जातो, पण तिथे निदान भूगोल साथ देतो. ‘जस्ट अप द रोड’ला मात्र भूगोलाची साथ नसते, त्याचं मराठी ‘इथेच जरा पुढे’.

‘अप’चा आणखी एक गट म्हणजे नजरेस किंवा ध्यानात येणं. जमिनीखालचं वर आलं की दिसतं, एवढीच कल्पना. ‘टर्न अप’, ‘शो अप’ म्हणजे येऊन पोचणं. उशिरा आलेल्याला आपण ‘आता उगवलास का?’ म्हणतो. तेच चित्र, आणि टोमणाही फुकट मिळतो. पण मूळ वाक्यात टोमणा नसेल तर ‘आला’ एवढंच लिहा. ‘कम अप’ म्हणजे विषय निघणं, ‘ब्रिंग अप’ म्हणजे विषय काढणं. ‘ब्रिंग अप’चे आणखी दोन अर्थ आहेत, मुलं वाढवणं आणि खाल्लेलं उलटून पडणं. संदर्भ वाचल्याशिवाय हात लावू नका.

वाढ आणि बांधणी हे गट सोपे आहेत. ‘स्पीड अप’, ‘टर्न अप द व्हॉल्यूम’, ‘स्पीक अप’ यांत वेग, आवाज ‘वाढव’, ‘मोठा कर’. ‘टाय अप’, ‘बटन अप’, ‘ॲड अप’ यांत सुटं ते एकत्र येतं: बांध, बटणं लाव, बेरीज कर. ‘मेस अप’, ‘मिक्स अप’मध्ये बिघाड, म्हणजे ‘घोळ घातला’. यंत्राच्या जगात ‘सर्व्हर इज अप’ म्हणजे चालू आहे.

‘हँग अप’चं कारण जुन्या भिंतीवरच्या फोनमध्ये आहे. कानाला लावायचा भाग बाजूच्या आकड्यावर अडकवला की संभाषण तुटायचं. आकडा गेला, शब्द राहिला. आपलं ‘फोन ठेवला’ही तसंच, मोबाइल खिशातच असला तरी आपण फोन ‘ठेवतो’. रागाने मधेच तोडला असेल तर ‘फोन आपटला’ किंवा ‘कट केला’.

आतापर्यंतचं एका जागी बघायला हे तीन वाक्यांचं उदाहरण घ्या: ‘राजू टर्न्ड अप ॲट नाइन. ही हॅड मेड अप अॅन एक्स्क्यूज, बट नोबडी ब्रॉट इट अप. वुई हॅड यूज्ड अप द मिल्क, सो ही वेंट अप द रोड टु गेट सम.’ मी असं करीन: ‘राजू नऊला उगवला. येतानाच सबब रचून आला होता, पण तो विषय कुणी काढलाच नाही. दूध संपलं होतं, मग तो जरा पुढे जाऊन घेऊन आला.’ पाच ‘अप’ आहेत आणि मराठीत एकही ‘वर’ नाही. ‘यूज्ड अप’ला मी ‘वापरून टाकलं’ केलं नाही, कारण घरात दूध ‘वापरून टाकत’ नाहीत, ते संपतं. ‘उगवला’ ठेवलं, कारण पुढे सबबीचा उल्लेख आहे, म्हणजे उशीर झालाय आणि सांगणारा जरा वैतागलेला आहे. राजू वेळेवर आला असता तर मी ‘आला’ लिहिलं असतं.

पाठ करायच्या खात्यासाठी एक सूचना. ‘गेट’चे वीस, ‘टेक’चे पंधरा अशा क्रियापदानुसार याद्या मिळतात, त्या डोक्यात राहत नाहीत. वहीत ‘अप’ची पानं करा आणि पानाला मराठी मथळे द्या: संपलं, जवळ, दिसलं, वाढलं, बांधलं, बिघडलं. नवं जोडपं भेटलं की कुठल्या पानावर बसतं ते बघा. कुठेच बसलं नाही तर शेवटच्या ‘बेवारस’ पानावर टाका. ‘गिव्ह अप’ तिथे जाईल. फक्त तेवढं पान पाठ करायचं. प्रत्येक नोंदीसमोर नुसता अर्थ न लिहिता एक अख्खं मराठी वाक्य लिहा, कारण ‘टाक’, ‘ठेव’, ‘घे’ यातलं कुठलं लागतं हे वाक्यातच कळतं.

उलट दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत लिहिताना काय चुकतं, तेही विचारलंत. ‘कोप अप विथ’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण प्रमाण इंग्रजीत नुसतं ‘कोप विथ’. फॉर्म आपण ‘फिल अप’ करतो. ब्रिटनमध्ये ‘फिल इन’, अमेरिकेत ‘फिल आउट’. परदेशी विद्यापीठाला लिहिताना तेवढं बदला. ‘फिल अप’ पेट्रोलच्या टाकीसाठी ठेवा. ‘वॉश अप’ ब्रिटनमध्ये भांडी घासणं आणि अमेरिकेत हात-तोंड धुणं, तेव्हा पाहुण्याला सांगताना कुठला पाहुणा आहे ते बघा. पाहुण्यावरून आठवलं, ‘पुट अप’ म्हणजे कुणाची राहायची सोय करणं. इंग्रज पाहुण्याला ‘वर ठेवतो’ आणि आपण विचारतो, ‘कुठे उतरलात?’

लिहिताना आणखी एक अडचण येते ती जोडून की तोडून याची. क्रियापद असेल तर इंग्रजीत दोन शब्द सुटे: सेट अप, बॅक अप, लॉग इन. नाम असेल तर जोडून किंवा मध्ये छोटी रेघ: सेटअप, बॅकअप, फॉलो-अप. शंका आली तर वाक्य भूतकाळात करून बघा. ‘बॅक्ड अप’ होतं, ‘बॅकअप्ड’ होत नाही, म्हणजे क्रियापद तोडूनच लिहायचं. अनेकवचनात ‘रनर्स-अप’ होतं, ‘रनर-अप्स’ नाही, कारण तिथे नाम ‘रनर’ आहे. मराठीत आलेल्या पिकअप, चेकअप, लॉकअप, मेकअप यांना हा नियम लावत बसू नका. ते आता मराठी शब्द आहेत, जोडूनच लिहायचे. ‘गाडीला पिकअप नाही’ या वाक्याचं इंग्रजी करायची वेळ आली तर मात्र मेकॅनिकला काय म्हणायचंय ते आधी विचारा. गाडी चढाला दम खाते, की सिग्नलला उशिरा उचलते?